भरताबरोबरचा घोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं चोरून पेढा खाणंसुद्धा लपत नाही, यावरून काय ते समजा.

वैशाली माझी धाकटी बहीण. माझ्याहून इतकी लहान, की सायकलच्या दांडीवर बसवून तिला शाळेत मीच सोडायचो. ती शिकली, नाशिकला वाइनच्या कारखान्यात लागली. अमळनेरजवळच्या आमच्या गावात हे सांगायचं कसं? नाना — आमचे वडील — विचारणाऱ्याला म्हणत, "पोर द्राक्षासनी कंपनीमा शे." खोटं नव्हतंच ते. फक्त वाक्य तिथंच थांबवायचे.

त्या हिवाळ्यात तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं केलेली पांढरी वाइन घरी आणली. शेतात भरीत पार्टी होती. माझ्या मुलीचं नुकतंच ठरलं होतं आणि जामनेरचे व्याही पहिल्यांदा येणार होते. ते यायच्या आधी वैशालीनं मला विहिरीमागे बोलावलं. बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून गार केलेली. मी ग्लास नाकाशी नेला — दूध नासलं का बघतात तसा. ती खळखळून हसली. "घोट तोंडात फिराव भाऊ. लगेच गिळू नको."

खरं सांगू? पहिला घोट आवडला नाही. गोडी नावाला नाही, कैरी चावल्यासारखं आंबट. "ही ड्राय शे," ती म्हणाली. "आते भरीत खाय." कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, सढळ तेल — नानांच्या हातचं भरीत. पुरीबरोबर एक घास घेतला आणि मग पुन्हा घोट — काय झालं कसं सांगू? तेलाचा ओशटपणा धुऊन गेला, वांग्याचा धूर तेवढा जिभेवर राहिला. मघाशी बोचलेला आंबटपणा भरतावर लिंबू पिळावं तसा चपखल बसला. द्राक्षं तिनं मुद्दाम थोडी आधी तोडली होती, आंबटपणा टिकावा म्हणून. "नानाना भरीतसाठेच करी मी," म्हणाली. माझे डोळे भरून आले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला, हेही सांगतो.

मग पंगत बसली. इथवर सांगणं सोपं होतं.

समोर व्याही. मी शाळेचा मुख्याध्यापक, व्यसनमुक्तीवरची भाषणं माझीच. वैशालीनं भीतभीत बाटली आणली, काय आहे ते सांगितलं. आणि नानांनी — आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या माणसानं — हात पुढे केला. खरंच केला, मी पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. घरातला थोरला मी, कुठल्याही गोष्टीला त्यांना माझा होकार लागायचा.

"कशी शे रे? तू चाखी का?"

एक "हो" म्हणायला काय लागत होतं?

"मी कशाला चाखू, नाना?" मी म्हणालो. व्याह्यांना नीट ऐकू जावं म्हणून शुद्ध मराठीत म्हणालो. वर हसलोही. "आपल्या घरात कुणी शिवतं का असल्या गोष्टीला?"

नानांचा हात मागे गेला. कोरडाच होता, तरी त्यांनी तो धोतराला पुसला.

वैशाली माझ्या शेजारीच उभी होती. माझ्या तोंडाला अजून तिच्या वाइनचा वास येत असणार. ती एक शब्द बोलली असती तर? ती बोलली — "भाऊनी नही चाखी, नाना. मी त्याले इचारंच नही." मला तिनं पाठीशी घातलं आणि बाटली उचलून विहिरीकडे गेली. मी मात्र पोटभर जेवलो. व्याह्यांना आग्रह कर-करून वाढलं.

त्यांच्या भीतीनं असं केलं म्हणावं, तर हात धुताना ते मला हळूच म्हणाले, "घोटभर मिळाली असती तरी चाललं असतं, सर."

पुढचा हिवाळा नानांनी पाहिला नाही. लेकीच्या हातची वाइन त्यांनी चाखली नाही ती नाहीच. त्यांना आवडली असती की नाही, कोण जाणे. पण हात त्यांनी पुढे केला होता. आणि लेकीचं काम काय आहे ते चारचौघांत वाक्य पुरं करून सांगायची त्यांची ती एकच वेळ होती — ती मी घालवली. तिचीही आणि त्यांचीही.

वैशालीनं हा विषय कधी काढला नाही. मीही नाही. गेल्या महिन्यात नाशिकला तिच्या घरी जेवायला गेलो होतो. तिच्या कामावरची मंडळी होती. सगळ्यांना तिनं पांढरी वाइन ओतली, कुठल्या घासावर कसा घोट घ्यायचा ते रंगून सांगितलं. मग माझ्यापाशी आली. माझ्या ताटाजवळ ताकाचा पेला ठेवला आणि मंडळींना म्हणाली — टोमणा नव्हता हो, अगदी मायेनं म्हणाली — "आमचा भाऊ घेत नाही."

मी ताक प्यायलो.