एकाच रिपोर्टचे सात कागद

त्या संध्याकाळी प्रिंटर चालू झाला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण तो चालू व्हावा म्हणून तीन तास जिवाचा आटापिटा करत होतो तो मीच.

पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. वय सव्वीस, डोक्यात हवा. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आमचा पेनड्राइव्ह दोनदा व्हायरस घेऊन आला आणि महिन्याभराचे रिपोर्ट गेले, तेव्हा मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, आपण विंडोज काढून लिनक्स टाकू, म्हणजे बाहेरची घाण आत यायचीच नाही. डॉक्टर भले. म्हणाले, "तुला जमतंय ना? मग टाक." एका शुक्रवारी सकाळी टाकलं. सगळं सुरळीत चाललं, प्रिंटर तेवढा हलेना.

लॅबमध्ये एक मावशी होत्या, जवळच्याच गावातल्या. झाडलोट करायच्या आणि रिपोर्ट पाकिटात भरायच्या. अक्षरओळख नव्हती, आकडे मात्र वाचता यायचे, त्यामुळे कागदावरचा नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळवताना त्यांची कधी चूक झाली नाही. आणखी एक गोष्ट त्या आपल्या आपण शिकल्या होत्या. रिपोर्टात बिघडलेला आकडा जाड ठशात यायचा. सगळं पातळ असलं की मावशी कागदाच्या तीन घड्या घालून तो पाकिटात सरकवायच्या. कुठे जाड दिसलं, की घडी न घालता डॉक्टरांच्या टेबलावर, काचेच्या वजनाखाली. त्यांच्याइतक्या लवकर आजार ओळखणारं त्या लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

त्या दिवशीच्या नळ्यांमध्ये एक नळी त्यांच्या नवऱ्याची होती. ते तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. महिनाभर ताप उतरत नव्हता, हिरड्यांतून रक्त यायचं. सकाळी नळीवर नंबराची चिठ्ठी मावशींनी स्वतःच्या हाताने चिकटवली होती.

दुपारी डॉक्टरांनी तो रिपोर्ट माझ्या स्क्रीनवर पाहिला. दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "हा छापून पाकीट बंद कर आणि माझ्या खणात ठेव. उद्या मुंबईला न्यावं लागणार त्यांना. मी सुकापूरला जाऊन सहापर्यंत येतो, मावशींना मीच सांगतो. तोवर त्यांच्या हातात पडू देऊ नकोस." मी मान डोलावली.

समोर झेरॉक्सवाल्याकडे गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं. पण त्याच दुकानाला मी सकाळपासून नावं ठेवत होतो, आता कुठल्या तोंडाने जाणार? प्रिंटरच्या कंपनीने लिनक्ससाठी काहीच दिलेलं नव्हतं. मी नेटवर शोधलं, कुणी कुणी लिहून ठेवलेल्या सूचना वाचल्या, प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, टाकला, काढला, दुसरा टाकला. दर वेळी तोच रिपोर्ट प्रिंटला सोडायचो, कारण तोच उघडा होता आणि तोच आधी हवा होता. दर वेळी स्क्रीन म्हणायची, पाठवला. प्रिंटर गप्प. पाठवलेला कागद वाया गेला असं समजून मी पुढच्या खटपटीला लागायचो.

पाच वाजले. न्हावा शेवाकडे जाणारे कंटेनर रस्त्यावर तुंबले होते, खिडकीची काच थरथरत होती. वाऱ्याबरोबर तळोज्याचा तो आंबूस वास आत आला तशी मी खिडकी लावून घेतली. मला घाम फुटला होता. घड्याळाकडे बघायचंही मी टाळत होतो.

प्रिंटर बाहेर काउंटरवर होता आणि मी आतल्या खोलीत. दर वेळी उठून बघायचा कंटाळा आला. मी आतूनच हाक मारली, "मावशी, जरा प्रिंटरपाशी बसा हो. काही हललं तर सांगा."

डॉक्टरांचं बोलणं मी साफ विसरलो होतो. माझ्या डोक्यात फक्त प्रिंटर होता.

"बाला, लाल बत्ती हाय. हलत काय नाय," मावशी थोड्या थोड्या वेळाने सांगत होत्या.

मग एका ठिकाणी मला उत्तर सापडलं. सकाळच्या पहिल्याच चुकीनंतर सिस्टिमने प्रिंटर स्वतःहून थांबवून ठेवला होता. ड्रायव्हर केव्हाच नीट बसला होता, थांबवलेला प्रिंटर मोकळा करायला फक्त एक ओळ टाइप करायची होती. मी ती केली. बाहेर घरघर सुरू झाली आणि मी खुशीत टेबलावर थाप मारली.

"आला, बाला, कागद आला," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने, "अजून एक आला." घरघर थांबेना. वाया गेले असं मी समजत होतो ते सगळे कागद रांगेत उभे होते. तिसऱ्या कागदाला मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

धावत बाहेर आलो तेव्हा सातवा कागद ट्रेमध्ये पडत होता. मावशींनी ते सगळे उचलून काउंटरवर ओळीने मांडले. प्रत्येकावर तोच नंबर, सकाळी त्यांनीच चिकटवलेला, आणि त्याखाली वरपासून खालपर्यंत जाड ठसा. एकेका कागदावरून त्या बोट फिरवत होत्या. सातवा संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी त्यांच्या हातातून कागद घ्यायला हवे होते. माझी हिंमत झाली नाही. मला स्वतःची अतोनात लाज वाटत होती.

"बाला," त्या मान वर न करता म्हणाल्या, "एवढं छापलंस, त्यातला एक तरी पातल नाय का रं आला?"

मी नाही म्हणालो. त्यांनी सातही कागद सारखे केले, घडी न घालता आत नेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली ठेवले. सहाला डॉक्टर आले तेव्हा त्या पायरीवर बसून उरलेली पाकिटं भरत होत्या.