पॅनलचं भगदाड आणि मावशींचे पाहुणे

गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी बाई आहे मी. नवरा म्हणतो, काळजीला कारण मिळालं नाही की तुला त्याचीच काळजी लागते. अशा बाईने लोकांच्या वेबसाइट सांभाळायचा धंदा का धरावा, हे मलाही कळलेलं नाही. सोमाटण्याला घरातल्या एका खोलीत बसून मी लोणावळ्याचे बंगलेवाले, चिक्कीवाले आणि आंदर मावळातल्या मावशी अशांच्या साइट चालवते. सगळ्या एकाच भाड्याच्या सर्व्हरवर आहेत, आणि त्याचा कारभार कंट्रोल पॅनल नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालतो.

त्या सोमवारी सकाळी कुकर लावला होता, तेवढ्यात धंद्यातल्या ग्रुपवर बातमी आली. आमच्या पॅनलला भगदाड सापडलं होतं. कोणीही, कुठूनही, पासवर्ड न देता हुकूम सोडावा आणि सर्व्हरने तो निमूट पाळावा, असं. गॅस बंद केला, पुन्हा जाऊन बघितला, आणि खोलीत पळाले. पॅनलच्या कंपनीने दिलेली दुरुस्ती चढवली. भगदाड बुजलं, पण त्याआधी कोण आत येऊन गेलं, ते थोडंच कळणार होतं?

खरं तर पॅनल फक्त माझ्या घरच्या इंटरनेटवरून उघडेल, अशी सोय करता येते. मी ती केली नव्हती, मावशींसाठी. या मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत, सगळेच त्यांना मावशी म्हणतात. घराच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. तिथे रेंज नसल्यामुळे पाहुण्यांनी आधार कार्डाचे फोटो आधीच साइटवर टाकायचे, आणि मावशींनी रेंज मिळेल तिथे उभं राहून पॅनलमध्ये ते बघायचे. दर वळणावर नेटवर्क वेगळं. त्यामुळे कुठूनही उघडेल असंच पॅनल ठेवलं होतं.

एकेक साइट तपासत गेले. बाकीच्या ठीक होत्या. मावशींच्या आधार कार्डांच्या फोल्डरमध्ये मात्र एक अगम्य नावाची फाइल होती. ती मी टाकलेली नव्हती. तारीख शनिवारची, म्हणजे बातमी येण्याच्याही आधीची.

साइट बंद केली. मावशींचा फोन लागेना, म्हणून स्कूटर काढली. कसं सांगायचं, याची रस्ताभर तालीम करत होते आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा वाईट वाटत होतं. मावशी भाताच्या आवणीला खाचरात उतरल्या होत्या. मला बघून चिखलाच्या हातांनीच बांधावर आल्या. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी चोर शिरला व्हता."

"हो."

"काय न्हेलं?"

"ते कळत नाही मावशी. त्याने नेलं तरी फोटो जागच्या जागीच राहतात."

"मंग न्हेलंच न्हाई, असं समजू. लोकांना कशाला सांगाया जातीस? एकदा का नाव खराब झालं, तर हितं कुत्रं फिरकायचं न्हाई."

मलाही अगदी तेच हवं होतं. गप्प बसावं, घरी जावं, जेवावं. पण त्या कार्डांवर कोणी भलत्यानेच पाहुण्यांच्या नावाने कर्ज काढलं, सिमकार्ड घेतलं, तर? असे एकेक प्रकार मी त्यांना सांगत गेले. मावशींचा चेहरा उतरत गेला. चूक माझी आहे हेही पाहुण्यांना फोनवर सांगेन, असं मी म्हटलं. मग त्यांनी पाटात हात धुतले.

"सांग. पन माज्यासमोर सांग."

वर पठारावर रेंजची एक काडी मिळाली. मी स्पीकर लावला आणि सगळ्यात अलीकडच्या पाहुण्यांचा नंबर फिरवला. मी फक्त मावशींच्या घराचं नाव घेतलं, तोच पलीकडचे गृहस्थ हसले.

"अहो, आम्हीच करणार होतो फोन. मुलं रोज विचारतात, मावशींकडे परत कधी जायचं म्हणून. दिवाळीत खोली मिळेल ना?"

मावशी खुलल्या. माझ्याकडे बघून त्यांनी जोरजोरात मान हलवली, मिळेल म्हण, मिळेल म्हण.

मी म्हटलं, "त्याआधी मला तुम्हाला एक सांगायचंय."