वेशीवरच्या काचा

ओळंबाताईला वाकडी भिंत खपत नसे आणि वाकडं बोलणंही, म्हणून गावानं तिला हे नाव ठेवलं होतं. बाप गवंडी. त्याला मुलगा झाला फार उशिरा. तोवर थापी मुलीच्या हातात पक्की बसली होती. धाकटा भाऊ पुढे ठेकेदार झाला, ही मात्र पायाडावरच रमली. गावातल्या जुन्या बांधकामांची डागडुजी पस्तीस वर्षं तिच्याकडेच होती. त्यातलं चौकातलं दगडी कारंजं गाड्या लावायला जागा हवी म्हणून गेलं. जुनी कचेरी गेली, तिथं दुकानं आली. दोन्ही वेळा ती काही बोलली नाही, आणि ते तिला आतून खात होतं. आता उरली होती एकटी वेस.

एके दुपारी भाऊ जेवता जेवता म्हणाला, "ताई, वेस पाडायचं काम मला मिळालंय. सोमवारी हात घालतोय."

"का पाडतायत?"

"कमानीची भेग वाढतेय, कधीही कोसळेल, असं इंजिनिअरसाहेबांनी लिहून दिलंय."

"साहेब वर चढले होते?"

"ते मला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे. रस्ता रुंद करायचाय, म्हणून भेग रुंद झाली."

"तू यात पडू नकोस. माझ्या पोटावर पाय येईल."

"मी तुला बांधायला शिकवलं होतं," एवढंच म्हणून ती ताटावरून उठली.

सोमवारी सकाळी माणसं घण घेऊन आली, तेव्हा वेशीला आधीच शिडी लागलेली होती आणि शिडीच्या तळाशी ताई उभी होती. इंजिनिअर आले, नगराध्यक्ष आले, बघे तर न बोलावता जमलेच.

"बाई, बाजूला व्हा," इंजिनिअर म्हणाले.

"होते. आधी वर जाऊन या. भेग वाढतेय असं लिहिलंत, ती मोजली कुठून? खालून?"

कुणीतरी खुदकन हसलं. इंजिनिअर लाल झाले. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली. अकरा वर्षांपूर्वी तिनं त्या भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या गिलाव्यात बसवल्या होत्या. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. प्रत्येक पट्टीशेजारी ओल्या गिलाव्यात खिळ्यानं तारीख कोरलेली होती.

"सहा काचा आहेत," ती म्हणाली. "एक फुटलेली आहे, तेही सांगून ठेवते. ट्रकनं खांबाला धडक दिली तेव्हाची. तिच्या खालीच नवी लावलीय, ती बघा."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? इंजिनिअर चढले. शिडी थरथरत होती, ती ताईनं दोन्ही हातांनी घट्ट धरली. वर ते बराच वेळ होते. खाली उतरले तेव्हा विजारीला चुना लागला होता. नगराध्यक्षांकडे न बघता ते म्हणाले, "पाच शाबूत आहेत. मला अहवाल पुन्हा लिहावा लागेल."

घण आले तसे परत गेले. भाऊ दातओठ खात जवळ आला. "चारचौघांत माझी अब्रू वेशीला टांगलीस."

"टांगायला वेस तरी राहिली," ताई म्हणाली. तिला हसायचं नव्हतं, पण ओठ हललेच. भाऊ हसला नाही. वर्षभर तो तिच्या दारात आला नाही, आणि ते तिला कारंजं गेल्यापेक्षा जास्त लागलं. तरी ती माफी मागायला गेली नाही. शेवटी तोच आला, जेवला, आणि वेशीचं नाव कुणीच काढलं नाही.

नगरपालिकेनं तिला काम देणं बंद केलं. ती लोकांच्या घरी ओटे बांधू लागली, न्हाणीघरांच्या भिंती उभ्या करू लागली. जड गाड्यांना लांबून वळसा पडतो म्हणून दुकानदार तिला टोमणे मारत. ती म्हणायची, "गाडीला चाकं आहेत, वेशीला नाहीत."

दरवर्षी थंडी सरली की ती चुना कालवून वेशीचे सांधे भरायला जाई. एकदा शिपाई नोटीस घेऊन आला: विनापरवाना वर चढू नये. तिनं ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, मिळाल्याची सही करून दिली आणि शिडी खांद्यावर घेतली.