ज्या घराचं गाव मी बदललं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच धीर होतोय का?

विषमता हा माझा विषय. त्यावर आयुष्यभर शिकवलं, हारतुरे घेतले. सुरुवात मात्र सांगायची टाळली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पीएच.डी.साठी मी भिवंडीच्या आसपासची गावं पालथी घालत होतो. मिलिंद सोबत असायचा. आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. तो कोन गावच्या बौद्धवाडीतला. त्याच्यामुळे लोक बोलायचे. संध्याकाळी आमच्या घरी टिपणं काढायला बसलो की आई चहा आणायची. मला कप. त्याला स्टीलचा पेला – मोरीवरच्या फळीवर वेगळा ठेवलेला. चहा झाला की तो स्वतःच विसळून ठेवायचा. मला दिसत नव्हतं? दिसत होतं. आईशी वाद नको, एवढंच वाटायचं.

प्रबंधात मी हे सगळं लिहिलं. पेला, फळी, विसळणं – जसंच्या तसं. फक्त घर आमचं नव्हतं. आमच्या अभ्यासात गावांची, माणसांची नावं बदलायची रीतच आहे, कुणाला त्रास होऊ नये म्हणून. त्या आडोशाला लपून मी आमचं स्वयंपाकघर वडपे गावापलीकडच्या एका शेतकरी बाईच्या घरात नेऊन ठेवलं. त्या बाईने आम्हा दोघांना एकाच ताटात भाकऱ्या वाढल्या होत्या. लाज वाटते हो.

तोंडी परीक्षेत नेमकं तेच पान परीक्षकांना आवडलं. हे तुम्ही स्वतः पाहिलंत का, त्यांनी विचारलं. मी प्रबंधाची पानं उलटत राहिलो. मागे बसलेला मिलिंद उठला.

"मी होतो सर तिथे. चहा मीच प्यायलो."

पदवी मिळाली. बाहेर जिन्यात तो हळूच म्हणाला, "आईंना सांग कधीतरी – मला सगळं माहीत हाय म्हणून." त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

मी आईला सांगितलं नाही. ती त्याची चौकशी करायची, अगदी मनापासून. तिला तो आवडायचा. पुढे काही वर्षांनी, एकदा भाजी निवडताना म्हणाली, "मोठा झाला, विसरला आपल्याला. इतकं घरच्यासारखं वागवलं, पण काही माणसांना जाण नसते."

मी म्हणालो, "हो. नसते."