बर्फाच्या खोलीचं दार

ऐंशी सालाच्या आसपास मी वसईत, बर्फ साठवायच्या एका गोदामात कॉम्प्रेसर सांभाळायचो. उन्हाळ्यात तो दिवसभर धडधडत राही, तरी खोली हवी तेवढी गार होत नसे. मोटर कधी जळेल याचा नेम नव्हता. मोठी बसवायची, असं मालकांनी ठरवूनच टाकलं होतं.

राजोडीहून एक मासळीवाली रोज बर्फ न्यायला यायची. बुटकी, काटक, तोंडाने भलतीच तिखट. ती सगळ्यांच्या शेवटी निघे आणि जाताना दाराला खांदा लावून ते घट्ट बंद करी. हमालांनी दार उघडं टाकलं की ओरडायची, "बरफ इकता का पानी?"

दाराचं रबर झिजून फट पडली होती. एकदा तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणल्या आणि त्या फटीत ठासून बसवल्या. दुसऱ्या दिवशी ती बर्फ भरत असतानाच कॉम्प्रेसर बंद पडला. मोटर जळली असं समजून मी धावलो. पण खोली पुरेशी गार झाली होती, म्हणून तो आपोआप थांबला होता.

"मावशी, थांबला हा!"

"थांबू दे," टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली. "त्याला पन दम खाऊ दे."

मोठी मोटर काही आली नाही. मधूनमधून पडणाऱ्या त्या शांततेची मला सवय झाली. तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

मग एके दिवशी दुपार झाली तरी कॉम्प्रेसर थांबेना. जाऊन बघतो तर दार सताड उघडं. ती आलीच नव्हती. पुढेही कधी आली नाही.

मी दाराला खांदा लावला.