कडेकडेनं आलेली कातडी

घोट्यात बाभळीचा काटा मोडला आणि मी घरचाच वैद्य झालो. बिब्बा दिव्यावर तापवून त्याचं तेल काट्यावर नुसतं टेकवायचं, अशी आमच्याकडची रीत. मी चांगलं चोपडलं. बिब्बा उतला, पाय भोपळ्यासारखा सुजला आणि फोड फुटून रुपयाएवढी, खोल जखम उरली. पाहुण्यांना मी ती भाकरीएवढी सांगायचो. बीडच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, "पंधरवड्यात भरत आली नाही, तर मांडीची कातडी काढून इथं लावू."

मांडीची! त्या धास्तीनं मी उठल्यासुटल्या पट्टी ओढून बघायला लागलो.

"आवो, कावून सारखं उघडायलाव?" बायको म्हणाली. "तव्यावरची भाकर बी अशी कुणी उचलून बघत न्हाई."

जीवशास्त्र शिकणारी लेक सुट्टीला घरी आली होती. तिनं माझा पाय मांडीवर घेतला. "बाबा, एवढ्या खोल जखमेत मधून काही उगवत न्हाई. कातडी कडंनं येती. कडेची पेशी चपटी होती, पुढं पाय पसरती, ओल्या जागेला धरती, मग मागचं अंग ओढून घेती. सगळ्या एकमेकींना धरून चालतेत. तुमी वाळली पट्टी ओढताव, तवा त्याच उपटून येतेत."

"आन् थांबतेत कुठं?"

"समोरून आलेल्या पेशींना टेकल्या की."

मग पट्टी लेकच भिजवून अलगद बदलायची. गाठ अशी मागं मारायची, की पोटामुळं माझा हात तिथं पोचू नये.

दुपारी लिंबाखाली बाजेवर पडलो की डोळे आपोआप मिटायचे. ओल्या, धुकट रानातून दोन्हीकडून कुणीतरी हात धरून येतंय. हाक नाही, घाई नाही. एकीनं पाऊल टाकलं की मागची हलते. त्या रानाखाली मीच पसरलेला. कुणी ठेचकाळू नये म्हणून मी पाय हलवत नसे.

"चहा घेताव का?"

"हळू बोल. चालायलेत."

बायकोनं कपाळाला हात लावला. माझ्या, ताप बघायला.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी पट्टी सोडली. दोन्ही कडा मधोमध भेटल्या होत्या; कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, गुलाबी कातडी.

"मांडी राहू द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले आणि वरून हलकी पट्टी बांधली.

परतीच्या एसटीत माझा हात पुन्हा पट्टीकडं गेला. बायकोनं तो धरला आणि आमचं वडवणी येईपर्यंत सोडला नाही.