य कुत्र्याचा, ह बैलाचा

माझ्या थोरल्या मामांनी कुंडलच्या आसपास जितक्या पोरांना अक्षरं शिकवली, त्याहून जास्त जनावरांना शिकवली, असं मी कुणालाही सांगतो आणि त्यात तिखटमीठ मुळीच नाही. लढाईच्या दिवसांत ते आमच्या गावच्या शाळेत बिगरीचे मास्तर होते आणि मीही त्यांच्यापुढं पाटी घेऊन बसलेला. "अक्षर आधी तोंडात येऊ द्या, पाटीवर मागनं येतंय," असं म्हणत स्वतः जमिनीवर सरपटत, नागासारखे फुसफुसत ते फ शिकवायचे. म साठी म्हैस व्हायचे. बाकीचे मास्तर छड्या मोडायचे, हा गृहस्थ धोतरं फाडायचा! मामी कपाळाला हात लावायच्या, "आवं, लोकांचे मास्तर खुर्चीत बसत्यात!"

र म्हणजे बैल हाकायचा 'हुर्रर्र', ह म्हणजे त्यांना थांबवायचा 'होऽऽ'. य ला सगळ्यांनी 'यू यू' केलं की गल्लीतली कुत्री उंबऱ्यात हजर! त्यांना हाकलायचा 'शूऽ' हा श चा धडा, पण मामा क्रमाचे भारी पक्के. मधले र, ल, व होईस्तोवर कुत्री वर्गातच बसायची, आणि आमच्यापेक्षा शिस्तीत बसायची.

हे वरपर्यंत गेलं. शाळा तपासणारे दिपोटी येणार होते आणि त्यांची तंबी आधीच आली होती की, हा तमाशा दिसला तर मास्तरांची बदली महाबळेश्वराकडं. तिकडचा पाऊस मामींच्या गुडघ्यांना सोसणारा नव्हता. मामांचं दुखणं वेगळंच होतं. निम्म्या पोरांचे बाप पलटणीत होते. त्यांची पत्रं पोरांनी आपापल्या आयांना वाचून दाखवावीत, तोवर ही बिगरी सोडायची नाही, असा त्यांचा हट्ट.

त्या दिवशी मामा कोट घालून खुर्चीत बसले. दिपोटींनी फळ्यावर र काढला. मामाच गप्प, मग आम्ही कशाला बोलतोय?

"वा! एवढंच शिकवलंत?" दिपोटी हसले.

ते हसू मामांना झोंबलं. त्यांनी कोट काढला, हातात कासरा धरल्यासारखं केलं आणि ओरडले, "गड्यांनो, हाका गाडी!"

अख्ख्या वर्गानं असा 'हुर्रर्रर्र' केला म्हणता! र अगदी स्वच्छ आला. पण बाहेर दिपोटींचा छकडा जुंपलेलाच होता. बैल उधळले आणि साहेबांचा जेवणाचा डबा घेऊन थेट ओढ्यात जाऊन उभे राहिले.

व्हायचं तेच झालं. बदलीचा हुकूम आला, गाडीत सामान चढलं, मामी डोळ्याला पदर लावून बसल्या. मामा आमच्याकडं बघतच नव्हते. आम्ही शाळेच्या पायरीवर उभे. गाडी हलली आणि कुणी सुरुवात केली देव जाणे, सगळी बिगरी एका सुरात ओरडली, "होऽऽ!"

बैल जागच्या जागी थांबले. गाडीवानानं शिव्या घालून ते पुन्हा हलवले, आम्ही पुन्हा थांबवले. शेवटी मामा खाली उतरले. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "ह बरोबर हाय रं. आता तेवढा पाटीवर काढून दावा, म्हंजे मी जायला मोकळा."

आम्ही पाट्या आणल्या. पण त्या दिवशी सबंध बिगरीत एकालाही ह काढता आला नाही.